फरशीवरच्या निळ्या रेघा

आधीच कबूल करतो, हा लेख मी जळून लिहिला आहे. संपादक म्हणाले, "ठुबेसाहेब, इतकी वर्षं नकाशे काढलेत, चार अनुभव लिहा." लिहितो. पण नकाशांविषयी लिहायला बसलो की माझ्या पेनातून सगळ्यात आधी यास्मिन शेखचं नाव उतरतं आणि ते उतरलं की पोटात दुखतं. माझं वय बासष्ट. या वयात पोटात दुखायला दुसरी पुष्कळ कारणं असतात, पण त्या सगळ्या तपासण्या झाल्या आहेत. त्यात काही निघालं नाही.

मी ड्राफ्ट्समन. आयटीआयचा कोर्स केला आणि नगरला एक खोली घेऊन बसलो. लोक मला इंजिनिअर म्हणतात आणि मी त्यांची चूक दुरुस्त करत नाही. माझ्या जुन्या नकाशांच्या कोपऱ्यात जिल्हा अहमदनगर आहे, नव्यांवर अहिल्यानगर. मधल्या काळात माझ्या कामात तेवढाच बदल झाला, असं मी अभिमानानं सांगायचो.

बाहेरच्या माणसाला आमचं काम समजावून सांगायचं तर असं. आपल्याकडे इमारती आधी उभ्या राहतात आणि कागद नंतर लागतो. भावाभावांत वाटणी होते, बँक विचारते, छप्पर बदलायचं असतं, आणि मग लक्षात येतं की बांधलेल्याचा नकाशाच नाही. तेव्हा मला बोलावतात. मी टेप घेऊन जातो, कुणाला तरी दुसरं टोक धरायला लावतो, भिंती मोजतो, वहीत कच्चं चित्र काढतो आणि घरी येऊन ते पक्कं करतो.

माझी हत्यारं दोन. एक चामड्याच्या गोल डबीतला तीस मीटरचा टेप. दुसरी निळीची दोरी. दोन खिळ्यांच्या मध्ये रंग लावलेली दोरी ताणायची, मधून चिमटीत उचलून सोडायची, की जमिनीवर फट्कन सरळ रेघ उमटते. याला सूत मारणं म्हणतात. सुतार-गवंडी गेरू वापरतात. मी कपड्यांची नीळ वापरतो, कारण गेरूनं माझे शर्ट खराब होतात अशी बायकोची तक्रार होती. त्यामुळे माझी बोटं कायम निळसर. जिल्ह्यात निळीची दोरी वापरणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

आता यास्मिन. तिच्या वडिलांचा नगरमध्ये फोटो स्टुडिओ होता. तिनं बारा-तेरा वर्षं लग्नांचे व्हिडिओ काढले. मग ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा आला आणि तो धंदा बसला. दुसरी एखादी हातावर हात धरून बसली असती. हिनं तोच मोबाईल घेतला आणि इमारतींचे व्हिडिओ काढायला लागली. त्या व्हिडिओंपासून ती कॉम्प्युटरवर जागा उभी करते. बोटानं फिरवावी तशी ती जागा फिरते, वरून बघता येते, दारातून आत शिरता येतं, भिंतीवरची खुंटीसुद्धा दिसते.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी "छान आहे" म्हणालो. घरी येऊन जेवलो नाही.

ती हे कसं करते ते मी मुद्दाम समजून घेतलं. दोष काढायचा तर माहिती हवी. ती मोबाईल छातीशी धरते आणि भिंतीकडेनं अगदी सावकाश चालते. कोपरे, उंबरे, छत, सगळं दोन-तीनदा यायला हवं. व्हिडिओ म्हणजे शेकडो फोटोच. एकच खिडकी इथून अशी दिसते, चार पावलं पुढून तशी. कॉम्प्युटर ती खिडकी सगळ्या फोटोंत ओळखतो आणि ती नेमकी कुठे असली पाहिजे याचा हिशेब लावतो. असे लाखो ठिपके मांडले की खोली तयार होते. चालती माणसं त्यात टिकत नाहीत, पुसट डाग होऊन जातात. जे जागचं हलत नाही तेवढंच राहतं.

आणि एक गोम आहे. या खोलीला आकार असतो, पण माप नसतं. ती खोली काडेपेटीएवढी आहे की मंगल कार्यालयाएवढी, हे यंत्राला कळत नाही. त्याला एक खरं माप द्यावं लागतं. दार इतकं उंच किंवा भिंत इतकी लांब, एवढं सांगितलं की बाकीचं सगळं ते त्या प्रमाणात बसवतं. यास्मिन त्या एका मापासाठी माझ्याकडे यायची. "काका, टेपचं काम तुमच्यासारखं कुणाला येत नाही. एक माप द्या." मी द्यायचो. खोटं माप मी कधी दिलं नाही, हे इथं लिहून ठेवतो. तेवढीच माझी बाजू आहे.

ती माझ्या बोटांकडे बघून हसायची. "काका, तुम्ही कुठून आलात ते विचारायला नको. हात बघितले की कळतं."

खर्ड्याला दोन भावांच्या घराची वाटणी होती. थोरला पुण्याला असतो. मी नकाशा काढला, मधली भिंत कुठून घ्यायची ते लाल शाईनं दाखवलं. थोरला सही करेना. "मला यातलं काही कळत नाही," एवढंच म्हणायचा. चार महिने गेले. मग धाकट्यानं यास्मिनला बोलावलं. तिनं घर उभं करून पुण्याला पाठवलं. थोरल्यानं मोबाईलवर घर फिरवलं, स्वयंपाकघरात शिरला, चुलीशेजारचा कोनाडा त्याला दिसला आणि तो रडायला लागला. लहानपणी त्याचं दप्तर त्या कोनाड्यात असायचं. दुसऱ्या दिवशी त्यानं सही केली. सही माझ्याच नकाशावर केली, पण माझ्या नकाशावर आजवर कुणी रडलेलं नाही. मी त्या नकाशात तो कोनाडा दाखवलाही होता, दीड बाय एक फूट. कुणाच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही.

एकदा मात्र ती चांगली फसली. नगरमधल्या एका सलूनवाल्याला दुकान वाढवायचं होतं. सलूनमध्ये दोन्ही भिंतींना आरसे. आरसा आणि खरी खोली यातला फरक यंत्राला कळला नाही. त्यानं आरशाच्या मागे आणखी एक खोली काढली, त्या खोलीतल्या आरशामागे आणखी एक. तीन खोल्या, सगळ्यांत खुर्च्या, सगळ्यांत तोच कॅलेंडरवरचा देव. सलूनवाला म्हणाला, "बाई, एवढी जागा असती तर मी वाढवली कशाला असती?" ती स्वतःच पोट धरून हसली आणि दुसऱ्या दिवशी आरशांना चादरी लावून परत व्हिडिओ काढला.

ही गोष्ट मला तिनंच सांगितली. मी ती महिनाभर गावभर सांगत हिंडलो. बांधकाम खात्यातल्या ओळखीच्यांना, सिमेंटच्या दुकानात, एका लग्नाच्या पंगतीत. प्रत्येक वेळी एक खोली वाढवत गेलो. महिनाअखेर त्या सलूनला सात खोल्या होत्या. मला त्या महिन्यात फार शांत झोप लागली.

आता खरी गोष्ट. चार वर्षं झाली तिला.

अकोले तालुक्यात राजूरच्या पुढे डोंगरात एक गाव आहे. तिथली शाळा म्हणजे गावानं पूर्वी स्वतः दगड वाहून बांधलेला एक लांब हॉल. खाली शहाबादी फरशी, वर कौलं. वासे कुजले होते आणि त्या भागातला पाऊस म्हणजे चेष्टा नाही. पावसाआधी कौलं काढून लोखंडी कैच्या, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या त्रिकोणी चौकटी, आणि वर पत्रे टाकायचं ठरलं. कैच्या नगरच्या वर्कशॉपमध्ये माझ्या नकाशावरून तयार होऊन ट्रकनं जाणार होत्या. तिथे नेऊन कापाकापी करायची सोय नाही, म्हणजे माप चुकलं तर पोरं वर्षभर उघड्यावर. यास्मिनलाही बोलावलं होतं, कारण नोकरीसाठी बाहेर पडलेल्या गावकऱ्यांना आपली शाळा मोबाईलवर बघायची होती.

एकाच दिवशी आम्ही दोघं गेलो. गुरुजींनी टेपचं टोक धरलं, मी मोजलं. लांबी चाळीस फूट, समोरचीही चाळीस. रुंदी वीस, दुसरीकडची वीस. अर्धा इंच इकडेतिकडे, तो दगडी भिंतीत असतोच. चारही बाजू मोजून मी वही मिटली. यास्मिन भिंतीकडेनं फिरत होती. जाताना म्हणाली, "काका, लांबी सांगा फक्त." मी सांगितलं, चाळीस. तिच्या खोलीतही माप माझंच होतं.

इथं आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगायला हवं. चार बाजू जुळल्या म्हणजे खोली काटकोनात आहे, असं होत नाही. खाटेची दावण सैल झाली की खाट तिरकी होते, तरी तिची चारही बाजूंची लाकडं तेवढीच लांब राहतात. खरं तपासायचं तर कर्ण मोजावे लागतात, म्हणजे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरपं. दोन्ही कर्ण सारखे आले तर खोली सरळ. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात आणि दुसऱ्या वर्षापासून आम्ही ते सोडून देतो. मधे बाकं असतात, टेप अडकतो, उन्हं होतात. मग घरी येऊन गुण्या लावून काटकोन मारायचा. मी आयुष्यात काढलेल्या सगळ्या खोल्या काटकोनात आहेत. जिल्ह्यातल्या किती खोल्या तशा आहेत, देव जाणे.

आठ दिवसांनी शाळेतच बैठक झाली. यास्मिननं लॅपटॉप लावला, हॉल वरून दाखवला आणि मला दिसलं की तो तिरका आहे. मागची लांब भिंत एका बाजूला सरकलेली. माझा नकाशा शेजारी पसरलेला, सरळसोट.

शाळा समितीचे अध्यक्ष दगडूअण्णा म्हणाले, "ह्यात कुनाचं खरं मानायचं?"

त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो, थांबा, कर्ण मोजून बघू. टेप माझ्या पिशवीत होता. पण सगळं गाव लॅपटॉपभोवती गोळा झालं होतं आणि माझ्या नकाशावर कुणीतरी चहाचा कप ठेवला होता. मी उठलो.

"भिंत सरळ आहे, मोबाईल वाकडा आहे," मी म्हणालो. लोक हसले. हसले तसा मला चेव आला. "हे यंत्र अंदाजानं चालतं. नगरला एका सलूनमध्ये यानं आरशामागे सात खोल्या काढल्या. विचारा बाईंना, खोटं असेल तर."

सगळे तिच्याकडे बघून हसले. ती लाल झाली. सात नव्हे तीन, असंसुद्धा म्हणाली नाही. तिनं खालच्या आवाजात एवढंच विचारलं, "काका, कर्ण मोजलेत का?"

"मी हे काम करायला लागलो तेव्हा तू शाळेत होतीस," मी म्हणालो. हे उत्तर नव्हतं, हे मला माहीत होतं आणि तिलाही.

दगडूअण्णांनी निकाल दिला. "ठुबेसाहेब म्हंत्यात तसंच करू. आमाला छप्पर पायजे, चित्र न्हाई." यास्मिननं लॅपटॉप मिटला. "माझं चुकलंही असेल, मी परत व्हिडिओ घेईन," म्हणाली.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो आणि अकोल्यापर्यंत मनातल्या मनात जिंकत होतो. संगमनेरच्या पुढे तिचा प्रश्न सतावायला लागला. कर्ण मोजलेत का?

रविवारी मी कुणाला न सांगता पहिल्या गाडीनं परत गेलो. चामड्याची डबी मुद्दाम नेली नाही, ती माझ्या हातात दिसली की लोक विचारतात. खिशात पाच मीटरचा छोटा टेप आणि दोरी. शाळेशेजारी राहणाऱ्या लहानूबाबांकडे किल्ली असते. "उंची बघायची राहिली," असं त्यांना सांगून कुलूप उघडलं. भर दुपार, हॉल रिकामा, बाकं एका कडेला रचलेली. पाच मीटरच्या टेपनं एवढं लांब मोजायचं तर टेप भरकटतो, म्हणून कोपऱ्यात खिळा ठोकून दोरी ताणली, सूत मारलं आणि त्या रेघेवरून टेप सरकवत मोजलं. मग दुसरा कर्ण.

दोन्हींत सव्वादोन फुटांचा फरक निघाला. पुन्हा मोजलं. तेवढाच. मागची भिंत सव्वा फूट सरकलेली होती. माझ्या नकाशाप्रमाणे छप्पर आलं असतं तर एका कोपऱ्यात पत्रा बाहेर लोंबला असता आणि दुसऱ्या कोपऱ्यात, जिथं पहिलीची पोरं बसतात तिथं, वर आभाळ दिसलं असतं.

लहानूबाबा दारात उभे होते. "त्या भिताडाकडं काय बघता साहेब? ते सरकावल्यालंच हाय."

"म्हणजे?"

"त्या कोपऱ्याला हिरड्याचं झाड व्हतं. गवंडी म्हनला, तोडा. माझा बाप म्हनला, हिरडा न्हाई तोडायचा, तू भिताड सरकव. मंग सरकावलं दोनेक वीत."

"आणि झाड?"

"ते गेलं वाळून. भिताड ऱ्हायलं."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"इचारलं कुनी?" बाबा म्हणाले.

मी फडकं ओलं करून दोन्ही रेघा पुसल्या, खिळे उपटले, किल्ली दिली आणि आलो. सोमवारी नवा नकाशा काढला, तिरका, तंतोतंत यास्मिनच्या चित्रासारखा. कोपऱ्यात बारीक अक्षरात "सुधारित" लिहून वर्कशॉपला दिला. गावात कुणाला काही बोललो नाही. यास्मिनलाही नाही.

मे महिन्यात कैच्या चढल्या आणि पत्रे असे बसले की फिटरसुद्धा वाहवा म्हणाला. मला शाल आणि नारळ दिला. शाळेच्या दाराशी पाटी आहे, तिच्यावर माझं नाव आहे. सत्काराच्या दिवशी यास्मिन नव्हती. मला बरं वाटलं.

त्यानंतर गुडघे गेले. या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या एका देवळाच्या सभामंडपाचं काम आलं आणि मला वाकून टेप धरवेना. शेवटी तिच्याच दुकानात गेलो. म्हटलं, तू व्हिडिओ काढ, मी त्यावरून नकाशा काढतो. "या ना काका," म्हणाली, जशी काही रोजच वाट बघत होती. तिनं मला कॉम्प्युटरपुढे बसवलं, माऊस कसा धरायचा ते दाखवलं आणि चहा सांगायला बाहेर गेली.

पडद्यावर तिच्या जुन्या कामांची यादी होती. त्यात "राजूर शाळा १" आणि खाली "राजूर शाळा २". मी दुसरी उघडली. वरून बघितलं. रिकामा हॉल, कडेला रचलेली बाकं, आणि फरशीवर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाणाऱ्या दोन फिकट निळ्या रेघा. मधोमध एकमेकींना छेदलेल्या. शहाबादी फरशी खडबडीत असते, नीळ तिच्यात बसते. ओल्या फडक्यानं ती जात नाही, हे मी चाळीस वर्षांत शिकायला हवं होतं.

ती चहा घेऊन आली. पडद्याकडे बघितलं. ग्लास माझ्यापुढे ठेवला.

"कधी काढलास हा?" मी विचारलं.

"बैठकीनंतरच्या मंगळवारी. म्हटलं होतं ना, परत घेईन."

"म्हणजे तुला तेव्हापासून माहीत आहे."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

ती खुर्ची ओढून बसली. "बोलणार होते की. राजूरच्या स्टँडवर दगडूअण्णांना लावायला फोन काढला होता. लहानूबाबांनी सांगितलंच होतं, साहेब रविवारी येऊन गेले. मग विचार केला, काका सुट्टीच्या दिवशी एवढ्या लांब एकटे येऊन कर्ण मोजून गेलेत. म्हणजे छप्पर आता बरोबरच बसणार. मग फोन कशाला करायचा?"

"आणि तुझं काय?"

"माझं काय? दोन वर्षं त्या तालुक्यातनं फोन आला नाही मला. आरशावाली बाई म्हणतात म्हणे तिकडं." ती हसली, पण सलूनची गोष्ट सांगताना हसली होती तशी नाही. "चहा घ्या काका, गार होतोय."

मी परवा दगडूअण्णांना फोन करून सगळं सांगितलं. पाटीवर यास्मिनचं नाव घाला म्हणालो. ते म्हणाले, "आता कशाला उकरता साहेब? छप्पर गळत न्हाई, झालं की." म्हणून हे इथं लिहिलं. हा अंक राजूरला जातो, कुणीतरी वाचेल. मागची भिंत तिरकी आहे, हे यास्मिननं आधी दाखवलं होतं आणि मी तिला गावासमोर खोटं पाडलं.

तिच्या मोबाईलचा मला आता हेवा वाटत नाही. तो मीही घेतला आहे, धाकट्या नातीपेक्षा बरा वापरतो. हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा आणि तो काही केल्या जात नाही. माझी चूक तिच्याकडे चार वर्षं होती, कुठलाही कोपरा फिरवून कुणालाही दाखवता येईल अशी, आणि तिनं ती एकदाही उघडली नाही. तिची चूक माझ्याकडे महिनाभर होती आणि तेवढ्यात मी तीन खोल्यांच्या सात केल्या होत्या.